सल्तच्या सातव्या पायरीची साक्ष

लोक ज्यांच्यावर पाय देतात आणि वर बघत पुढे निघून जातात, त्यांच्यातलीच मी एक, मित्रांनो. पिवळ्या दगडाची एक जुनी पायरी. सल्त गावातल्या बाजारातून वरच्या आळीला जो उभा जिना चढतो, त्यात मी खालून सातवी. माझा जन्म समोरच्या टेकडीतल्या खाणीत झाला. जिना आणि त्याला लागून असलेली इमारत आता मिथ्कालच्या मालकीची आहे. तळाशी त्याचंच वाणसामानाचं दुकान आहे, आणि वरच्या आळीची गिऱ्हाइकं त्याच्याकडे आमच्यावरूनच उतरतात.

शंभर वर्षांच्या पावलांनी मला घासून इतकं गुळगुळीत केलं, की नव्या नवऱ्या क्षणभर थांबून माझ्यात आपला चेहरा शोधायच्या. मिथ्कालला माझ्या चकाकीचा फार अभिमान. दर गुरुवारी साबणाच्या पाण्याने तो अख्खा जिना धुऊन घ्यायचा आणि गिऱ्हाइकांचे पाय भिजू नयेत म्हणून दुकानातली रिकामी खोकी उलगडून पुठ्ठे अंथरायचा. तसं इकडे सगळेच करतात. भिजलेला पुठ्ठा ओल्या दगडावर कसा सरकतो, हे मला ठाऊक होतं. एक मास्तर आणि एक म्हातारी माझ्यावरून घसरलीही होती. मास्तरांनी मिथ्कालला कठडा लावायला सांगितलं. तो म्हणाला, बघू. आणि खरं सांगते, कौतुकाने मीही चढून गेले होते.

वरच्या आळीत नौफा नावाची एक विधवा शराक भाजते. शराक म्हणजे तुमच्या मांड्याची बहीण. कणीक दोन्ही हातांवर खेळवत कागदासारखी पातळ करायची आणि उलट्या कढईवर टाकायची. सारी करामत मनगटांची. नौफाचं घर त्या दोन मनगटांवर चालायचं. एका गुरुवारी सकाळी ती रोट्यांची टोपली घेऊन खाली उतरत होती. माझ्यावरच्या पुठ्ठ्यावर तिचा पाय पडला आणि पुठ्ठा निसटला. तिचं उजवं मनगट माझ्याच कडेवर आपटून दोन ठिकाणी मोडलं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

मिथ्काल माणूस वाईट नाही. त्यानेच तिला उचललं आणि आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. पण डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, हात पूर्वीसारखा होईलच असं नाही म्हणाले, तेव्हा मात्र तो घाबरला. पुठ्ठे रातोरात गायब झाले. मला उखडून टाकायला दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावणं गेलं.

गवंड्याच्या आधी रनीम पोचली. ही नौफाची भाची, अम्मानला वकिली करते. तिने माझे फोटो काढले, माझा उतार मोजला, मास्तरांचं आणि म्हातारीचं नाव लिहून घेतलं, आणि कोर्टाची पाहणी होईपर्यंत जिन्याला हात लावू नये अशी नोटीस मिथ्कालच्या हातात दिली. एका कागदाने गवंड्याचा हातोडा थांबला. मी थक्क झाले. मग ती आत्याला घेऊन माझ्यावरच बसली.

"हे बघ आत्या, पोलिसांत तक्रार करता येते, समेट करता येतो, नाहीतर भरपाईचा दावा लावता येतो. समेट करायचाच तर आधी डॉक्टरचा शेवटचा शब्द ऐक. एकदा माफीच्या कागदावर सही झाली, की मागे फिरता येत नाही. आणि नुसती गप्प बसलीस तर मुदत निघून जाईल."

नौफा म्हणाली, शेजाऱ्याला कोर्टात ओढलं तर लोक तोंडात शेण घालतील. रनीम म्हणाली, लोक तुझी कणीक मळायला येणार आहेत का?

आठवड्याभरात मिथ्कालने रीतीप्रमाणे वडीलधारी मंडळी नौफाच्या भावाकडे पाठवली. भाऊ मऊ मनाचा. तो नाही म्हणणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे अशा वेळी पाहुणे समोरच्या कॉफीला शिवत नाहीत. आधी मागणं मांडतात. यजमानाने "घ्या कॉफी" म्हटलं, की मागणं मान्य झालं. आणि कुणी आधीच पेला रिकामा केला, तर मागायचं काही उरलंच नाही असा अर्थ होतो. पुढचं मी पाहिलं नाही, पण परतताना मंडळी मिथ्कालशी माझ्यावरच बसून भांडली, त्यामुळे सगळं कळलं.

"फलाहकाका, प्यालात कशाला?" मिथ्कालने कपाळावर हात मारला.

"अरे, ऐंशी वर्षांच्या माणसाला चाळीस पायऱ्या चढवल्यास. घशाला कोरड पडली."

"आता कोणत्या तोंडाने परत जायचं?"

"कठडा लावला असतास तर दमलो नसतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नौफा भावाला जिन्यातच म्हणाली, "हात माझा मोडलाय, दादा. माफी द्यायची की नाही, ते मी ठरवीन." आणि तिने दावा लावला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं सगळी आळी तिला सांगत होती. वर्षभराने कोर्टच माझ्यापर्यंत चढून आलं. न्यायाधीश, त्यांचा कारकून आणि कोर्टाने नेमलेला इंजिनियर. मिथ्कालचा वकील म्हणाला, शंभर वर्षं लोक चढताहेत, बाईने खाली बघायला हवं होतं. न्यायाधीशांनी गुरुवारसारखं साबणाचं पाणी मागवलं, पुठ्ठा मागवला. मग ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माझ्यावर तळहात टेकला. मित्रांनो, माझ्यावर लाखो पाय पडले होते, पण माझं म्हणणं ऐकायला कुणी वाकलं नव्हतं. मी दगड असून माझ्या अंगावर काटा आला.

उठून त्यांनी पाणी ओतून पुठ्ठा अंथरायला लावला. मग ते वर गेले आणि एकेक पायरी बघत उतरू लागले. माझ्यावर येताच त्यांचा पाय गेला. इंजिनियरने दंड धरला म्हणून वाचले. न्यायाधीशांनी कोट नीट केला आणि कारकुनाला सांगितलं, "लिही. न्यायाधीश खाली बघून चालत होते, तरी घसरले."

निकालात उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या कामाची भरपाई मिथ्कालवर आली. त्याने अपील केलं नाही. गवंडी पुन्हा आला, पण यावेळी मला उखडायला नाही. त्याने टाकीने माझ्या पाठीवर खाचा पाडल्या आणि भिंतीला लोखंडी कठडा बसवला. माझी चकाकी गेली, आणि मला तिची आठवणही येत नाही. नौफाचं मनगट मात्र पुरतं सुधारलं नाही. तिच्या रोट्या आता लहान असतात.

कठडा बसला त्या सकाळी ती टोपली घेऊन आली. मिथ्काल चार पायऱ्या चढून वर गेला आणि आमच्याकडच्या रीतीने मुलाच्या नावाने तिला हाक मारत त्याने हात पुढे केला. "ये आयेदच्या आई, धर माझा हात."

"तुझा हात चांगलाच आहे, मिथ्काल. त्या दिवशीही तूच उचललंस मला," ती म्हणाली. "पण हात येतो तो पडल्यावर."

आणि तिने आपल्या वाकड्या मनगटाच्या हाताने कठडा धरला, माझ्यावर पाय ठेवला आणि सावकाश उतरून गेली. मित्रांनो, तुमच्या दाराशी कुणी पडेपर्यंत थांबू नका.