वाट्याचा भाव

हौसाबाईने केळीच्या पानावर बोंबलांचे वाटे मांडले आणि ती भाव न पुकारता बसली. उत्तनच्या किनाऱ्यावर धुकं रेंगाळत होतं. चर्चची घंटा पाण्याखालून वाजल्यासारखी ऐकू येत होती.

"काय भाव गो?" मॅबेलने विचारलं.

"तुला वाटंल तो."

मॅबेल हसली. मग हातातला वाटा तिला जड झाला. आधीच्या बाईने किती पैसे ठेवलेत ते तिने तिरक्या नजरेने पाहिलं, तेवढंच ठेवलं आणि घाईने निघाली. कॅजिटन तर पाटीला वळसा घालूनच गेला.

"भाव न्हाय तिथं बोलायचं काय?" तो जाता जाता पुटपुटला.

हे सारं टेरेझासाठी होतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सालची गोष्ट. तिचा नवरा पास्कल धर्माच्या होडीवर होता. वादळातून हौसाबाईचा नवरा धर्मा परतला, पास्कल नाही. तेव्हापासून टेरेझाला भाव सांगायला हौसाबाईची जीभ उचलत नव्हती. तिला एकटीला सूट दिली तर ती दया ठरेल, म्हणून तिने सगळ्यांनाच मोकळं सोडलं होतं.

टेरेझा आली. एकेकाळी तिची घासाघीस दर्यावर ऐकू जायची.

"काय भाव?"

"वाटंल तो दे, बाय."

टेरेझाने तिच्याकडे नीट पाहिलं. पदराची गाठ सोडून तिने आख्खा रुपया पानावर ठेवला आणि मासळीला हात न लावता ती धुक्यात विरून गेली.

मग ती त्या वाटेने फिरकलीच नाही. रुपया हौसाबाईच्या कनवटीला तसाच राहिला. रात्री कूस बदलताना टोचायचा.

एका सकाळी टेरेझा दिसली, मान खाली घालून जाणारी. हौसाबाईने घसा साफ केला.

"बोंबील! चार आण्याला वाटा. पैसा कमी न्हाय!"

बायका चमकल्या. एवढ्या पैशांत पाटीभर बोंबील आले असते. टेरेझा चार पावलं पुढे गेली, थांबली, वळली.

"चार आणे? पोटात मोती हाय का यांच्या?"

"ताजं म्हावरं हाय."

"ताजं! तुझ्या धर्माच्या आज्यानं धरलेलं दिसतंय."

धर्माचं नाव तिच्या तोंडून इतक्या दिवसांनी निघालं होतं. हौसाबाईचे हात पाटीतच राहिले.

"दोन पैसे देईन," टेरेझा उकिडवी बसत म्हणाली. "आनि माझा रुपया हाय तुझ्याकडं. बाकीचे परत कर."

हौसाबाई सुटे मोजू लागली. दोनदा चुकली. नाणी पुसट दिसत होती, आणि धुकं तर केव्हाच निवळलं होतं.

"नीट मोज गो," टेरेझा म्हणाली.