शेंदराखालची चीर

चारुलताबाईंनी नाणं तिरपं करून भिंगाखाली धरलं, तसा गोटीराम खुर्चीच्या कडेवर सरकला. देवघरात टाक म्हणून पुजलेला हा देव त्यानं स्वतः कधी घराबाहेर काढला नव्हता. पण आता खाडीकाठचं घर सोडून नव्या इमारतीत जायचं होतं. देव बसवण्याआधी हा देव नेमका कोण, एवढं विचारायला तो नेरूळला, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईंकडे आला होता.

“देव नाही हो, राजा आहे. रोमचा टायबेरियस. कुठं सापडलं?”

“आज्याला. मिठागराचा बांध घालताना.”

“सोन्याचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी गलबतातून आलं असेल.”

गोटीरामचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यानं राजाच्या गालाकडे बोट केलं.

“आनि ही चीर? सोनाराची ना?”

“छे. अशी छिन्नीनं चिरलेली नाणी आपल्याकडे बरीच सापडलीत. हिच्या कडा बघा, राजाच्या नाकाइतक्याच झिजल्यात. अलीकडची असती तर बोटाला लागली असती.”

गोटीरामनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. लागलं काहीच नाही.

आज्यापासून टाकावर शेंदराचे थर चढलेले. थोरला भाऊ गेला त्या वर्षी, दिवाळीला, मुक्तावहिनीनं तो चिंचेनं घासून लख्ख केला आणि ही चीर उघडी पडली. सोनं पारखायला वहिनीनं देव सोनाराकडे नेला, असं गोटीराम भर अंगणात बोलला होता. “मी नाय नेला, भावजी,” एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिनं देवघराचा उंबरा ओलांडला नाही. रोजची जास्वंद मात्र तीच तोडी आणि बाहेरूनच हात लांब करून देई.

नेरूळहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावरून वहिनीची फुलांची परडी आत आली. पाटावर बसलेल्या गोटीरामनं ती घेतली नाही.

“काय झालं?”

“टाक दाखवला काल. राजाचं नानं हाय म्हनं.”

“आनि चीर?”

“जुनी हाय.”

“किती जुनी?”

गोटीरामनं समईची वात सारखी केली. ती सारखीच होती.

“आपल्या कुनाच्याच हातची नाय, वयनी.”

परडी तशीच अधांतरी राहिली.

“आज तुमी वाहा,” तो पाटावरून उठत म्हणाला.

मुक्तावहिनीनं परडी खाली ठेवली. मोरीवर जाऊन पाय धुऊन आली आणि पदर सावरून उंबऱ्याशी थांबली.

“चिंच लावू का नको, ते पन सांगा.”

गोटीराम बाजूला झाला. देवघर एवढंसं, तिला वाट द्यायला त्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं.