मी कापून टाकलेला आवाज

मित्रांनो, कोपऱ्यात काच तडकलेल्या एका फोनमध्ये, अगदी शेवटच्या पानावर, फिकट निळ्या रंगाचा एक चौकोन आहे. तो मी. टिपणे ठेवणारे एक जुने अ‍ॅप. माझ्यात लिहिता येते आणि बोलूनही ठेवता येते. मला घडवणारे लोक केव्हाच दुसऱ्या कामांना लागले. नवे अपडेट येणे थांबले, आणि आता मला नव्याने कुणी घेत नाही. तरी माझे आयुष्य रिकामे गेले नाही.

मला निवडणारी मुलगी तेव्हा फिजिओथेरपी शिकत होती. हाडे, स्नायू, सांधे, सगळे पाठ करायचे. वर्गात प्रत्येकाकडे वेगळे अ‍ॅप होते आणि प्रत्येकाला आपलेच थोर वाटत होते. तिनेही बरीच घेऊन पाहिली. एकात रंग इतके की टिपण राहायचे बाजूला आणि ती शीर्षके रंगवत बसायची. दुसरे इंटरनेट गेले की तोंड फिरवायचे. आणखी एकात लिहिलेले पुन्हा सापडत नसे. तिची आई घरीच शिवणकाम करायची. एकच मोठी खोली होती. खिडकीपाशी आईचे मशीन आणि त्याला लागून मुलीचे टेबल. आईने हा प्रकार बरेच दिवस पाहिला आणि म्हणाली, "गिऱ्हाइकं कापड निवडायलासुद्धा एवढा घोळ घालत नाहीत. घे एखादं आणि लाग अभ्यासाला."

मी निवडला गेलो तो एका गुणामुळे. मुलीच्या लक्षात राहायचे ते बोलून, पण खोलीत दिवसभर मशीनची खडखड. माझ्यात एक बटण होते, 'मागचा गोंगाट काढा' नावाचे. ते चालू केले की ज्याच्या हातात फोन त्याचा आवाज मी ठेवायचो आणि बाकीचे कापून टाकायचो. तिने मशीन चालू असतानाच थोडे बोलून पाहिले आणि लावून ऐकले. नुसता तिचा स्वच्छ आवाज. आईने पाय थांबवून कान दिला.

"माझं मशीन कुठे गेलं?"

"काढून टाकलं त्यानं."

"आणि माझी बडबड?"

"तीसुद्धा."

"बरं झालं. तेवढीच तुला शांतता," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्यानंतर ते बटण चालूच राहिले.

मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. आईला सांध्यांची नावे माहीत नव्हती. ती आपल्या मापाच्या भाषेत विचारायची. बाही जिथे बसते तिथला सांधा कुठला? पाटलोणीचा गुडघा जिथे झिजतो, त्याच्या आत काय असते? मशीनच्या आवाजात प्रश्न पोचला की नाही हे कळत नसे, म्हणून तिने एक शिस्त लावली होती. मुलीने आधी प्रश्न मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच उत्तर द्यायचे. उत्तर डळमळीत वाटले तर आई म्हणायची, उसव आणि परत घाल. मुलगी कुरकुरायची, पण ऐकायची.

मित्रांनो, मला आधी सगळेच ऐकू येते. कापतो ते नंतर. त्यामुळे आईचा आवाज मी रोज ऐकला आणि रोज टाकून दिला. तिच्या मशीनखाली कात्रणांची एक फुगलेली पिशवी असायची. कशाला काय जोडायला लागेल सांगता येत नाही, म्हणून ती चिंधीही फेकत नसे. माझ्याकडे तशी पिशवी नव्हती.

मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. तिने वर्गात सगळ्यांना माझे नाव सुचवले, आणि ते माझे भरभराटीचे दिवस होते. पुढे तिला रुग्णालयात नोकरी लागली. तिथल्या नोंदी तिथल्याच संगणकावर ठेवायच्या असत. मला कुणी उघडेना. फोन बदलला तेव्हा जुन्या फोनसकट मी कपाटात गेलो.

मला पुन्हा उघडले तेव्हा ती वयाने मोठी झाली होती. तिची आई गेली होती. व्हिडिओ काढायला घेतला की आई हात आडवा धरायची, त्यामुळे तिचा आवाज कुठेच नव्हता. मुलीला माझी आठवण झाली. इतकी वर्षे आपण तिच्या शेजारी बसून बोललो, तेव्हा यात तरी ती असणारच, असे तिला वाटले. ते बटण ती विसरून गेली होती. मावशी कात्रणांची पिशवी आवरत होती. ती म्हणाली, "लाव बाई. मलाही ऐकू दे."

मुलीने एक नोंद लावली. तिचाच तरुण आवाज आला, मग शांतता, पुन्हा तिचाच आवाज. तिला वाटले, चुकीची लागली. तिने दुसरी लावली. मग तिसरी. आई बोलली होती त्या प्रत्येक जागी मी स्वच्छ शांतता ठेवली होती. मुलगी फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. बंद करायचे सुचले नाही, म्हणून नोंद चालूच राहिली.

"बाही जिथे बसते तिथला सांधा कुठला? खांद्याचा. हो गं, बरोबर म्हणतेय. बरं, उसवते."

मावशीचा हात पिशवीतच थांबला. "हे बाही बसते वगैरे तुमच्या पुस्तकात असतं?"

"नाही गं मावशी," मुलगी म्हणाली. "पुस्तकात नसतं."

मग दोघी पुढचे सगळे ऐकत राहिल्या. आवाज एकीचा आणि शब्द दुसरीचे. मला तेवढेच राखता आले होते, तेही आईच्या शिस्तीमुळे.

ऐकून झाल्यावर मुलीने माझे ते बटण शोधून बंद केले. फोन टेबलावर ठेवला, मशीनसमोर बसली आणि सुईत दोरा नसताना पायाने ते चालवू लागली. मी सगळे घेतले. मशीनची खडखड, मावशीचे नाक ओढणे, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न. त्या खोलीतले काहीही न कापण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मित्रांनो, तुम्हीही अभ्यासासाठी एखादे अ‍ॅप निवडाल. ते सोपे आहे का, इंटरनेटशिवाय चालते का, लिहिलेले पुन्हा सापडते का, हे जरूर पाहा. पण ते काय टाकून देते, हेही एकदा पाहा. आणि शेजारी बसून कुणी तुमचा अभ्यास घेत असेल, तर एखाद्या दिवशी ते बटण बंद ठेवा.