वाफेच्या मागं

ती इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर, जिन्याखाली, बिनखिडकीची खोली. भिंतीला टेकून स्विचबोर्ड आणि दोन खुर्च्या. शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांनी तिचा आवाज ऐकलेला असायचा. कुणाचा बाप आत असे, कुणाची बायको अडलेली असे, आणि पलीकडून ती म्हणे, "थांबा हं, जोडून देते." चेहरा मात्र कुणाच्याच ओळखीचा नव्हता. दुकानात दोन शब्द बोलली की गल्ल्यावरचा माणूस मान वर करून विचारी, "तुम्ही त्या फोनवरच्या का हो?" तिला याची गंमत वाटे.

तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. जन्मभर पट्टी आणि पेन्सिल, त्यामुळं वाकडी रेघ त्याला सहनच होत नसे. निवृत्त झाल्यावर त्यानं कॅमेरा घेतला आणि माणूस पार त्यात बुडून गेला. आधी पक्षी झाले, मग गंजलेली कुलुपं, मग बाजारात बसणारे म्हातारे. "काय बोलका चेहरा आहे बघ," म्हणत तो जेवताना कॅमेरा तिच्या ताटावर धरायचा. ती बघायची. तिचा स्वतःचा फोटो त्यानं कधी काढला नव्हता. "माझ्या चेहऱ्याला अजून पुरेशा सुरकुत्या आल्या नसतील," असं म्हणून तिनं एकदा ताईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, हसवलंही होतं.

त्या हिवाळ्यात थंडीनं कहर केला. सकाळी अंगणातला नळ गोठलेला असायचा. अशाच एका सकाळी ती नवऱ्याचा जुना तपकिरी स्वेटर अंगात अडकवून, उकळत्या पाण्याची किटली घेऊन अंगणात आली आणि नळावर धार धरली. एरवी नळ नुसता कुरकुरायचा. त्या दिवशी आत अडकलेला बर्फाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला, त्याच्यामागून पाण्याचा फवारा आला आणि ती नखशिखांत भिजली. थंडीनं किंचाळावं की काय करावं हे ठरायच्या आतच तिला हसू फुटलं. किटली एका हातात, डोळे मिटलेले, मान मागं टाकलेली, आणि चौफेर वाफ. पायरीवर चिमण्यांची वाट बघत बसलेल्या नवऱ्यानं कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. तिला पत्ताही लागला नाही.

दुपारी त्यानं तिला खोलीतून हाक मारली. "अगं, लवकर ये! हे बघ काय मिळालंय!"

ती पदराला हात पुसत संगणकापाशी आली. पडद्यावर ती होती. तोंड उघडं, बाजूच्या पडलेल्या दाताची खिडकी स्पष्ट दिसतेय, केस कपाळाला चिकटलेत. मागं कचऱ्याचा डबा, शेजाऱ्याची सायकल, दोरीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी लांब चड्ड्या. सगळा पसाराच होता, पण मधली बाई अशी हसत होती की तिला पाहून आपल्यालाही हसू यावं. ती बराच वेळ बघत राहिली. आपण अशा हसतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

"किती दिवसांनी तुला असं हसताना पाहिलं," तो म्हणाला.

"हसते मी. तुम्ही पाहिलंत किती दिवसांनी, ते म्हणा."

तो हसला. तीही हसली. त्या संध्याकाळी कारण नसताना तिनं दोनदा संगणकाच्या खोलीत डोकावून पाहिलं.

गावात हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ होतं. त्यांचे गुरू म्हणजे एक निवृत्त कलाशिक्षक. बोलता बोलता दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून ते समोरच्याकडे बघत, म्हणून सगळे त्यांना फ्रेमसर म्हणायचे. नवऱ्यानं फोटो मंडळात नेला आणि परत आला तो खुशीत.

"सर म्हणाले, फोटोत जीव आहे. वर्षाच्या प्रदर्शनाला घेऊ म्हणाले. फक्त थोडं काम करायला हवं."

"कसलं काम?"

"पसारा काढायला हवा. कडा कातरायच्या, रंग सुधारायचे. बस ना, तुझ्यासमोरच करतो."

ती शेजारी स्टुलावर बसली. त्यानं एका बाजूनं कड आत ओढली. कचऱ्याचा डबा गेला, सायकल गेली. वरून ओढली, चड्ड्या गेल्या. "हे बरं झालं," ती म्हणाली. "लोकांच्या चड्ड्या कशाला भिंतीवर टांगायच्या!" मग त्यानं सावल्या उजळल्या, वाफेला पिवळसर झाक दिली. भिंतीवर कोवळं ऊन पडल्यासारखं दिसू लागलं. त्या दिवशी ऊन नव्हतंच, पण छान दिसत होतं. मग त्यानं स्वेटर लाल केला.

"हा माझा नव्हे."

"तुझाच आहे की."

"तो तपकिरी आहे. कोपराला विरलाय, मीच रफू केलाय."

"तपकिरी रंग मरतो गं फोटोत. थंडीत लाल हवा, नजर ओढली जाते."

आणि शेवटी त्यानं शेजारच्या दाताची नक्कल काढून पडलेल्या दाताच्या जागी बसवली. ती खूप हसली. म्हणाली, "दातांच्या डॉक्टरकडे जायचं वाचलं." दुसऱ्या दिवशी स्विचबोर्डच्या खोलीत तिनं ही गोष्ट रंगवून सांगितली. तिच्याबरोबर काम करणारी मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, खुर्चीत गर्रकन वळली.

"म्हणजे तुमचा फोटो लागणार? प्रदर्शनात? मी येणार. एकदा तरी या खोलीतल्या कुणाचा तरी चेहरा लोकांना दिसू दे!"

पुढच्या आठवड्यात फ्रेमसर घरी चहाला आले. ती ट्रे घेऊन खोलीत गेली तेव्हा दोघं पडद्यासमोर बसले होते आणि सरांची बोटांची चौकट डोळ्यांसमोर होती.

"चांगला झालाय," सर म्हणत होते. "पण फोटोचा विषय काय, सांगा बघू. वाफ. थंडीतली ऊब. आता नजर कुठं जाते? सारखी इकडे." त्यांनी पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. काचेवर ठसा उमटला. "या बाजूनं अजून आत या."

"आणखी?" नवऱ्यानं विचारलं.

"या हो बिनधास्त. वहिनी, वा, चहा झकास दिसतोय!"

तिनं कप पुढं केला. नवरा तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं. तो पडद्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, पूर्वी नकाशावरच्या चुकलेल्या रेघेकडे बघायचा तसा. स्वयंपाकघरात परतताना तिच्या मनात आलं, चेहरा थोडा कोपऱ्यात जाईल, जाऊ दे. यापेक्षा जास्त काही तिला सुचलंच नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तिनं केस नीट करून घेतले. गेल्या वर्षी घेतलेली आणि न नेसलेली निळी साडी काढली. "फोटोतली बाई ओळखू यायला हवी ना," असं ती ताईला फोनवर म्हणाली. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून आली, गुडघे दुखत असताना. धाकटी तिच्या आईला घेऊन आली. नवरा सकाळपासूनच तिकडे होता.

मोठं दालन, पांढऱ्या भिंती, प्रत्येक फोटोवर वेगळा दिवा. बायका एकेक चित्र बघत पुढं सरकल्या. बर्फातलं कुत्रं, धुक्यातला पूल, एक म्हातारा. शेवटच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठ्या आकारात, नवऱ्याचा फोटो होता. बाजूच्या चिठ्ठीवर त्याचं नाव, आणि खाली लिहिलं होतं, 'ऊब'. चिठ्ठीला बक्षिसाची फीत लावलेली.

फोटोत एक नळ होता. नळाच्या तोंडातून सोन्यासारखे थेंब उडत होते आणि सबंध चौकट वाफेनं भरली होती. अगदी डाव्या कडेला लाल रंगाचा एक पट्टा होता. ती कोपरापासची बाही होती, पण माहीत असल्याशिवाय कळलं नसतं. पडदा वाटला असता, नाहीतर फूल.

चौघी उभ्या राहिल्या.

"हा नव्हे वाटतं," ताई म्हणाली. "तुझा कुठाय?"

"हाच आहे."

ताईनं चष्मा वर केला, पुढं गेली, मागं आली. "मग तू कुठायस?"

तिला उत्तर द्यायला क्षणही लागला नाही. "मी वाफेच्या मागं आहे," ती म्हणाली. "तसंच ठरवलं होतं आम्ही. चेहरा नको म्हटलं मीच."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं आणि पटकन फोटोकडे पाहिलं. "वाफ मात्र अगदी खरी आलीय," ती म्हणाली. धाकटीच्या आईनंही मान डोलावली. ताईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. तिला आपल्या बहिणीचं खोटं लहानपणापासून कळायचं.

मग भाषणं झाली. फ्रेमसरांनी बोटांची चौकट करून दाखवली आणि लोक हसले. नवऱ्याला बोलायला सांगितलं. तो लाजत उभा राहिला, कधी नव्हे तो देखणा दिसला. "सुरुवातीला या फोटोत बरंच काही होतं," तो म्हणाला. "काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं, हे समजायला मला वेळ लागला. सरांनी डोळे उघडले." टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या. समोरच्या रांगेतल्या कुणीतरी वळून विचारलं, "तुम्ही त्यांच्या मिसेस का? नशीबवान आहात हो. घरातच कलावंत."

"हो ना," ती म्हणाली, फोनवर म्हणते त्याच आवाजात.

ताईला बसमध्ये बसवून दिल्यावर ती दोघं चालत निघाली. फीत आणि फुलांचा गुच्छ तिच्या हातात होता. कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "मला सांगायचं तरी होतं."

"काय?"

"मी त्यात नाही म्हणून. मी ताईला बोलावलं. आख्ख्या स्विचबोर्डात सांगत सुटले."

तो थांबला. खरंच आठवायचा प्रयत्न करत असावा. "सर चहाला आले तेव्हा तू तिथंच होतीस की. मला वाटलं, तुला कळलं." मग जरा नरमाईनं म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याबद्दल नव्हतंच ते. तोल जात होता फोटोचा."

घरी येऊन तिनं गुच्छ पाण्यात ठेवला आणि म्हणाली, "मला तो पहिला दाखवा. चड्ड्यांचा."

तो संगणकापाशी बसला. थोडा वेळ तो शोधतोय असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, तो नुसतं शोधल्यासारखं करतोय.

"नाहीये?"

"असं आहे, मी त्याच्यावरच सेव्ह करत गेलो. नकाशाचंही आम्ही तसंच करायचो. पक्का झाला की कच्च्या प्रती ठेवायच्या नाहीत, नाहीतर घोळ होतो. कॅमेऱ्यातलं कार्डही रिकामं केलं, चिमण्यांसाठी."

"दात भरलेला? तो तरी?"

त्यानं मान हलवली.

ती उभी राहिली तशीच. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. तिला आठवायचा होता तो चेहरा, आणि आठवत होता तो फक्त कुठल्या बाजूनं किती भाग कातरला गेला एवढाच हिशेब.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "परत काढू. नळ कुठं पळून जातोय?"

आणि त्यानं शब्द पाळला. पुन्हा कडाक्याची थंडी पडली तेव्हा सकाळी त्यानं तिला उठवलं, स्वतः किटली ठेवली, तपकिरी स्वेटर हातात दिला. हे सगळं त्यानं प्रेमानंच केलं, यात तिला शंका नव्हती. तेच वाईट होतं. ती अंगणात नळापाशी उभी राहिली. तो पायरीवर बसला.

"ओत आता. थोडी डावीकडे सरक. हं, आता हस, त्या दिवशीसारखी."

तिनं पाणी ओतलं. नळ कुरकुरला, थेंब थेंब गळू लागला.

"मी इथं आहे हे विसरून जा," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "तुला कुणी बघत नाहीये असं समज."

"ते जमतं मला," ती म्हणाली.

त्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. तो बटण दाबत राहिला. किटली रिकामी झाली. आत येऊन त्यानं फोटो पाहिले. एक बाई, नळ, नजर सरळ भिंगात. प्रत्येक फोटोत तीच नजर. "ह्यात काही नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा पुटपुटला आणि ती शेजारी उभी असतानाच एकामागून एक पुसत गेला. मग भानावर आला. "उद्या बघू," म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "मला कामावर जायचंय."

'ऊब' त्यांच्या बाहेरच्या खोलीत लागला. येणारे-जाणारे थांबून बघत, वाखाणत. मंडळानं तो दिनदर्शिकेवरही छापला. ती चहा आणी, कप ठेवी, आत जाई. नवऱ्याशी ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. जेवण, औषधं, विजेचं बिल, सगळं बोलणं होतं तसंच होतं. फक्त तो कॅमेरा काढताना दिसला की ती हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जायची. एकदोनदा तो म्हणाला, "अगं, तुझा नाही काढत, खिडकीचा काढतोय." ती म्हणायची, "म्हणूनच. मध्ये येईन."

पुढं ती निवृत्त झाली. इस्पितळाच्या सभागृहात छोटा समारंभ झाला. अधिष्ठात्यांनी तिचा आवाज किती धीराचा, असं काहीतरी सांगितलं. धाकटीचे डोळे भरून आले. नवरा पहिल्या रांगेत बसला होता. कॅमेरा आणला होता, पण पिशवीतून काढला नव्हता. मग सगळ्या खात्याचा एकत्र फोटो घ्यायचा म्हणून इस्पितळाचा फोटोवाला पुढं आला. डॉक्टर मध्ये बसले, परिचारिका त्यांच्यामागं. सत्कार तिचा असूनही ती आपण होऊन टोकाला जाऊन उभी राहिली.

"बाई, अशा आत या," फोटोवाला हातानं खुणावत म्हणाला. "तिथं कापल्या जाल."

"कापा," ती म्हणाली.

लोक हसले, बाईंना विनोदबुद्धी फार, असं कुणीतरी म्हणालंही. धाकटी तेवढी हसली नाही. फोटोवाल्यानं खांदे उडवून बटण दाबलं. नवऱ्यानं मान खाली घातली आणि तो मांडीवरच्या पिशवीची चेन लावू लागला. ती आधीच लावलेली होती.

घरी जाताना त्यानं तिच्या हातातला हार घेतला आणि म्हणाला, "जड आहे." ती म्हणाली, "हो." मग बस आली.