तिसरा आग्रह

आमच्या नदीकाठच्या गावांत कुणी कॉफी घेता का विचारलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि दोन कप प्यायचे. कॉफीचंच नाही, सगळ्याचंच असं. फावडं उसनं देणं असो नाहीतर चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा देणं असो. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा माणूस एकतर बाहेरगावचा, नाहीतर त्याच्यावर काहीतरी आभाळ कोसळलेलं. हे कुणी शिकवत नाही. मला तर शाळेत जे शिकवलं तेही धड आलं नाही, पण हे येतं.

तर व्हर्लिनचं सांगतो.

व्हर्लिन टोलेफ्सरूड आमच्या साखर कारखान्यात पॅनमन. पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात बिटाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे त्याचं काम. मी त्याच्या खालच्या मजल्यावर, मशिनी गरगर फिरून साखर आणि मळी वेगळी होते तिथं. त्याच्या हाताखालचा माल खाली आला की मला न सांगता कळायचं, आज व्हर्लिनची पाळी आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकच पोरगी, ब्रिटा. दक्षिणेला अडीच-तीन तासांवरच्या शहरात शाळेची बस चालवायची, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार गार्डमध्ये, म्हणजे राखीव फौजेत, कवायतीला जायची. तिथं ट्रक चालवायची. पोरगी बापासारखीच, बोलायला पैसे पडतात असं वागणारी.

ऑक्टोबरातली गोष्ट. बीट निघायला लागलं होतं, ट्रकची रांग फाटकाबाहेर हमरस्त्यापर्यंत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत व्हर्लिन डबा उघडून नुसताच बसलेला.

"काय रे, सँडविच चावतंय का?" मी म्हटलं.

"ब्रिटाचा फोन आला. त्यांच्या तुकडीला बोलावलंय. बाहेरदेशी. वर्षभर."

"कधी?"

"शुक्रवारी संध्याकाळी बस निघणार."

"ह्या शुक्रवारी?"

"हं."

मी माझं चावणं थांबवलं. "मग? जाणार ना तू?"

"मी म्हटलं येतो. ती म्हणाली, कशाला बाबा, हंगाम आहे. मी म्हटलं, येतो की. ती म्हणाली, नको, उगाच खाडा होईल."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं म्हणू, ऑर्व्हिल? रजा हातात नाही. म्हटलं आणि गेलो नाही तर?"

तेही खरंच. आमच्यात तिसऱ्यांदा म्हटलं म्हणजे शब्द दिला. मग बर्फ पडो, घर जळो, मागं फिरता येत नाही. आणि हंगामात रजा मागितलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. आमच्या म्हाताऱ्यांच्या काळी हंगामात गेलेल्या माणसाची जागाही जायची. कायदे बदलले, पण ती भीती काही गेली नाही.

कर्टिस आर्सेनो पाठीमागच्या टेबलावर होता. त्यानं ऐकलं. कर्टिस आमचा पाळीचा साहेब, उन्हाळ्यातच आलेला, पार दक्षिणेतल्या लुइझियानाकडचा. उसाच्या कारखान्यातला माणूस. आम्ही त्याला ऊसवाला म्हणायचो, तो आम्हाला बीटवाले. माणूस लाख, पण तिकडची रीत अशी की वयानं मोठ्या माणसाला साहेब म्हणायचं, म्हणून तो साहेब असून आम्हालाच साहेब म्हणायचा. पहिले महिनाभर आम्हाला वाटलं, थट्टा करतोय.

तो उठून आला, टोपी काढली. "टोलेफ्सरूड साहेब, माफ करा, कानावर पडलं. तुम्ही जा. त्यासाठी कायदाच आहे. मुलगा, मुलगी, नवरा, बायको, आईबाप, कुणाला असं परदेशी जायला बोलावलं की घरच्या माणसाला रजा मिळते. पगार मिळणार नाही, पण जागा तुमचीच. परत आलात की तुमचा पॅन तुमच्या ताब्यात. उद्याच निघा."

व्हर्लिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नको, नको. हंगाम आहे. भागेल."

"बघा हं," कर्टिस म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, चला, झालं काम. एक झालं, दोन राहिले.

मंगळवारी कर्टिस जिना चढून पॅनवर गेला. मी वरच होतो, माल कधी सोडतोस ते विचारायला.

"साहेब, रात्रभर माझ्या मनात तेच. परत विचारतो. जायचं नाही नक्की?"

"छे, कशाला उगाच," व्हर्लिन म्हणाला. "पॅन कोण बघणार? तुलाच त्रास."

कर्टिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्याचे, खोटं नाही सांगत. "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आणि व्हर्लिन तिथंच उभा. वाढणारीनं आपल्या ताटापाशी भांडं आणावं, आपण सवयीनं नको म्हणावं आणि तिनं खरंच पुढं निघून जावं, तसं तोंड.

"सांग की त्याला," मी म्हटलं.

"त्यानं दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. आता मीच मागं पळत जाऊ? शोभतं का?"

"येईल परत."

"येईल," व्हर्लिन म्हणाला.

बुधवारी कर्टिस विचारायला वर आला नाही. कॉफीच्या सुट्टीत व्हर्लिन थर्मास घेऊन साहेबाच्या खोलीवरून गेला, परत आला, परत गेला. काच मोठी, आतून सगळं दिसतं. कर्टिसनं आतून हात केला. ह्यानंही हात केला. गुरुवारीही तेच. तिसऱ्या फेरीला कर्टिसनं बाहेर येऊन विचारलं, "काही हवंय का साहेब?" आणि हा म्हणाला, "छे, छे. सहज."

आता तुम्ही म्हणाल, मी काय करत होतो? बघत होतो. आमच्यात दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाहीत.

शुक्रवारी सकाळी कपडे बदलताना व्हर्लिनचं कपाट उघडं होतं. आत हँगरवर पांढरा सदरा, इस्त्रीचा. खाली चर्चचे बूट, पॉलिश मारलेले. रजा नाही, काही नाही आणि माणूस बूट घासून घेऊन आलाय. त्यानं पाहिलं की मी पाहिलं. कपाट लावलं आणि गुपचूप वर गेला.

मला राहवलं नाही. मी सरळ कर्टिसच्या खोलीत.

"व्हर्लिनला रजा विचार," मी म्हटलं.

"विचारली की! दोनदा विचारली. नको म्हणाले."

"दोनदाच ना?"

कर्टिस माझ्याकडं बघतच राहिला. "किती वेळा विचारायचं?"

"तीन."

"कुठं लिहिलंय असं?"

"कुठंच नाही. नको म्हटलं म्हणजे नको असतं होय?"

"आमच्याकडं असतं! आमच्याकडं भूक लागली की माणूस जेवायला दे म्हणतो!" तो उठून उभाच राहिला. "देवा रे. तुम्ही लोक लग्नं कशी करता?"

"वेळ लागतो," मी म्हटलं.

तो हसला नाही. टोपी शोधायला लागला. शोधता शोधता म्हणाला, "आणि तुम्ही? त्यांचे दोस्त ना? सोमवारपासून बघताय ना तुम्ही?"

मी खुर्चीमागं पडलेली टोपी उचलून त्याच्या हातात दिली. 

कर्टिस एका दमात दोन-दोन पायऱ्या चढला. मी मागं. व्हर्लिन पॅनच्या काचेला डोळा लावून उभा.

"साहेब," कर्टिस धापा टाकत म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारतो. रजा घेता का?"

व्हर्लिननं आधी माझ्याकडं बघितलं. रागानं का कशानं, कळलं नाही. मग म्हणाला, "बरं. तू एवढं म्हणतोसच तर."

"मग निघा! आत्ता!"

"आत्ता कसा? दाणा धरलाय. असा मधेच सोडला तर सगळा माल वाया."

"दुसरा बघेल!"

"दुसऱ्याला ह्याचं काय ठाऊक," व्हर्लिन म्हणाला आणि परत काचेला डोळा लावला. कर्टिसनं डोक्याला हात लावला. पण पॅनमनला अर्ध्या उकळीतून उठवायचं म्हणजे बाळंतीण खाटेवरून उठवायची, हे ऊसवाल्यालाही ठाऊक. माल उतरायला दुपार झाली. माझी पाळीही तेव्हाच सुटली. म्हटलं, "माझ्या गाडीतून जाऊ. मी चालवतो."

"नको, तुला कशाला."

"बस रे."

"उगाच तुझं पेट्रोल."

"व्हर्लिन, बस!"

बसला. पांढरा सदरा, चर्चचे बूट, मांडीवर कामावरचा थर्मास.

रस्त्यावर बिटाचे ट्रक, चाकांतून चिखल उडतोय, पुढं जायला जागा नाही. व्हर्लिन घड्याळ बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "तिला सांगितलं नाहीये येतोय म्हणून."

"मग कर की फोन."

"नको. पोचलो नाही तर?"

पोचलो तेव्हा गार्डच्या हॉलमागं बस लागल्या होत्या, इंजिनं चालू. हॉलभर बायका, पोरं, फुगे, खुर्च्या मोडून ठेवायला सुरुवात झालेली. मातीच्या रंगाच्या कपड्यांत सगळी पोरं सारखीच दिसतात. व्हर्लिन दारातच थबकला, आत जायला कुणी या म्हणेल अशी वाट बघत. मी पाठीत ढोसलं त्याला.

ब्रिटा भिंतीपाशी एकटी उभी होती. पाठीवरची पिशवी पायाशी. तिला बाप दिसला. पोरगी हसली नाही की रडली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, हंगाम आहे ना."

"हो," व्हर्लिन म्हणाला. "रजा मिळाली. कायदा आहे तसा."

"बरं केलंत."

"जागा राहते."

"हो का. बरं झालं."

एवढंच. दोघं शेजारी शेजारी उभे, समोर बघत, जशी काही बस यायची आहे आणि ह्यांना कुठंतरी लग्नाला जायचंय. माइकवरून कुणीतरी म्हणालं, आता दहा मिनिटं. एक लहान मूल किंचाळून रडायला लागलं.  व्हर्लिननं थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली. कारखान्यातली, सकाळची, कोमट झालेली.

"घेतेस?" म्हणाला.

ब्रिटानं घेतली.

म्हणजे हात पुढं केला आणि घेतली. नको नाही, कशाला नाही. दोन्ही हातांत झाकण धरून एका दमात प्यायली. मग झाकण पुढं करून म्हणाली, "आणखी आहे?"

मी तिला रांगती असल्यापासून ओळखतो. भर थंडीत आमच्या दारात आली तरी तीनदा म्हटल्याशिवाय कधी आत आली नाही. व्हर्लिननं परत ओतली. तिनं बापाचं मनगट धरलं, कॉफी सांडू नये म्हणून असेल. सगळी संपेपर्यंत सोडलं नाही.

मग नावं पुकारली. ती पिशवी उचलून गेली. बसच्या काचा काळ्या, कुठली तिची ते कळलं नाही. आम्ही सगळ्या बसना हात केला.

परतीच्या वाटेवर व्हर्लिननं रिकाम्या थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "पहिल्या झटक्यालाच घेतली."

"गारठा होता," मी म्हटलं.

"आत कुठं होता गारठा."

रजा उरली होती त्याची. कर्टिस म्हणाला, "घरी बसा, कायद्यानं तुमची आहे." पण रिकाम्या घरात करायचं काय? सोमवारी कामावर आला. पॅन त्याचाच होता, कुणी हात लावला नव्हता. कर्टिस आता आम्हाला एका श्वासात तीनदा विचारतो, "कॉफी, कॉफी, कॉफी?" आम्ही हसतो. व्हर्लिनही हसतो. ब्रिटाला मधे सुट्टी मिळून ती घरी येईल, तेव्हाही त्याला रजा मिळते म्हणे. कर्टिस तसं सांगायला गेला, तर व्हर्लिन पहिल्याच वेळी हो म्हणाला. कर्टिसच दचकला.

परवा मी वर गेलो होतो. बाहेर बर्फ, आत पॅनची धग. व्हर्लिन काचेसमोर स्टुलावर.

"ब्रिटाचा फोन?" मी विचारलं.

"रविवारी आला."

"कशी आहे?"

"मी विचारलं, कशी आहेस. म्हणाली, बरी आहे. परत विचारलं, बरी आहेस ना. म्हणाली, हो, तुम्ही काळजी करू नका."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा नाही विचारत मी."

"का रे?"

त्यानं काच पुसली बाहीनं. पुसायची गरज नव्हती.

"खरं सांगेल ना," म्हणाला.

मी माझ्या थर्मासचं झाकण भरलं. "घेतोस?"

त्यानं हात पुढं केला आणि घेतलं.