गुरगुरायला शिकलेली बादली

मित्रांनो, पाण्याच्या अंगणात शिरलात की आधी जरा मान वर करा. दोन माणसांच्या उंचीच्या खांबावर, आडव्या दांड्याला लटकलेली, पोटावर ओरखडे असलेली जुनी लाल बादली दिसेल. ती मी. विहीर मी पाहिलेली नाही, न्हाणीघरही नाही. भरायचे आणि उपडे व्हायचे, एवढेच माझे काम.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा रंगारी मला रंग देत म्हणाला होता, “आजवर बादल्या पुष्कळ रंगवल्या, पण सांडण्यासाठी बनवलेली ही पहिलीच!” मला फार लाज वाटली. सांडणे हा काय गुण झाला?

पण मैदानात आले आणि ती लाज पहिल्याच दिवशी वाहून गेली. घसरगुंडी आणि वाळूचा हौद ओलांडला की आमचे गोल फरशीचे अंगण लागते. जमिनीतून फवारे उडतात आणि मधोमध मी असते. वरच्या नळीतून पाणी पडत राहते, मी भरत जाते आणि काठोकाठ भरले की माझा तोल जाऊन धबाक! खाली एकच आरडाओरडा होतो. पाण्याने फुगलेली चड्डी एका हाताने सावरत पळणारी बाळे मी पाहिली आहेत. “मी नाही हं भिजणार,” म्हणत विजारी दुमडणारे बाबा नखशिखांत भिजलेलेही पाहिले आहेत. ती वर्षे सुखाची होती.

त्याच काळात एक आत्या आपल्या भाचरांना घेऊन रोज दुपारी येऊ लागली. सात वर्षांचा दादा चपला भिरकावून थेट माझ्याखाली यायचा. त्याची साडेतीन वर्षांची बहीण मात्र अंगणाच्या कडेला उभी राहायची, अगदी कोरडी ठणठणीत. तिला सगळे पिटुकली म्हणत. फवारे तिला आवडत. भीती होती ती माझी.

“अगं, पाणीच आहे ते. वाघ आहे का?” आत्या म्हणायची.

“वाघ बरा,” पिटुकली म्हणायची. “तो आधी गुरगुरतो तरी.”

आत्या हसायची. मला मात्र ते लागले. लेकराचे खोटे नव्हते. मी न सांगताच कोसळायचे.

पुढे एका उन्हाळ्यात मुलांना नवा खेळ सापडला. हौदातली वाळू मुठीत आणायची आणि फवाऱ्यांच्या भोकांत ओतायची. कोणाच्या मनात पाप नव्हते. पण आमच्याकडे तेच पाणी गाळून पुन्हा वर चढते. वाळूही चढली. माझ्या पोटात साचली, दांड्याच्या सांध्यात शिरली. आधी मी करकरू लागले आणि एके दिवशी अर्धवट कललेली तशीच अडकले. भरेना आणि उलटेना. ओठावरून नुसती बारीक धार गळू लागली.

“बिघडली रे!” म्हणत मुले घसरगुंडीकडे पळाली.

आणि मित्रांनो, तेव्हा पिटुकली आली. दबकत, एकेक पाऊल टाकत. तिने धारेखाली तळहात धरला, मग कोपर, मग डोके. कितीतरी दुपारी ती एकटी माझ्याखाली उभी राहिली. मोडून पडल्याचे दुःख करावे की ती आल्याचा आनंद मानावा, मला कळेना.

मग मैदानाची देखरेख करणारे साहेब आले. सोबत नळ दुरुस्त करणाऱ्या बाई होत्या. साहेब म्हणाले, “काढून टाका हिला. तेवढ्यात एखादा बाक बसेल.”

माझ्या पोटातली होती नव्हती ती वाळूही गार पडली. बाई मात्र शिडी चढल्या, दांडा हलवून पाहिला, सांध्याला कान लावला. “साहेब, ही म्हातारी नाही झाली. हिला वाळू झाली आहे. एक दुपार द्या.”

साहेबांनी दुपार दिली. बाई काम करू लागल्या तोच खालून रडका आवाज आला. “मावशी, नको ना दुरुस्त करू!”

“का गं?”

“मग ती पुन्हा एकदम येईल अंगावर.”

आत्या ओशाळली. “ताई, तुम्ही करा तुमचं काम. हिचं म्हणणं, वाघसुद्धा आधी गुरगुरतो.”

बाई हसल्या नाहीत. “बरोबर बोलतेय पोर. न सांगता अंगावर आलेलं कोणाला आवडतं?” त्या शिडीवरून उतरल्या, फाटकाशी लावलेल्या आपल्या सायकलची घंटा पान्याने सोडवली आणि मी कलले की दांड्याचा धक्का तिला बसेल अशी वर बसवली.

“अहो, पण तुमच्या सायकलला?” आत्या म्हणाली.

“मला घसा आहे की! रस्त्यात ओरडेन.”

संध्याकाळी पाणी सुरू झाले. मी भरले, जराशी कलले. ट्रिंग ट्रिंग! पिटुकली धूम पळाली. दुसऱ्यांदाही पळाली. तिसऱ्या वेळी घंटा वाजली तेव्हा तिने डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या आणि ती जागची हलली नाही.

धबाक!

केस कपाळाला चिकटलेले, तोंडाचा आ झालेला. मग ती ओरडली, “आत्या, परत!”

त्या दिवशी मी एकूण किती वेळा उपडी झाले, आठवत नाही. शिडी आवरणाऱ्या बाईसुद्धा भिजूनच घरी गेल्या.

आता माझा रंग बराच उडाला आहे, पण सांधे मोकळे आहेत. घंटा वाजली की काही मुले बाहेर पळतात, काही आत धावतात. दोन्ही मला सारखीच प्रिय. तुमच्याकडे मागणे फार नाही. वाळूचे किल्ले हौदातच बांधा. काही करकरताना ऐकू आले तर मैदानातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा, अडकून बसेपर्यंत थांबू नका. आणि कडेला कोणी कोरडे उभे दिसले, तर त्याचा हात धरून ओढू नका. त्याच्याशेजारी जाऊन थोडा वेळ उभे राहा. मला घाई नाही. मी अजून भरतेच आहे.