बन्सीला पऱ्हाटीचा टेकू

पंच्याऐंशी साली रामाकोन्याच्या अलीकडच्या आमच्या गावात ज्याच्या त्याच्या वावरात लोक-वन गहू होता. बुटका, टणक, एकरी बारा-पंधरा क्विंटल देणारा. फक्त माझ्या धुऱ्याच्या बांधाला लागून मनकर्णाबाईच्या एकरात जुना बन्सी गहू होता. बन्सी उंच वाढतो, पिकतो थोडा, पण शेवया कराव्या तर त्याच्याच. लोक-वनची शेवई वाळता वाळता तुटते. मनकर्णाच्या घरचं मीठमिरचीपासून लुगड्यापर्यंत सारं लोधीखेड्याच्या बाजारात विकलेल्या शेवयांवर चाले. नवरा गेल्यापासून हाच तिचा धंदा, आणि बन्सीचा दाणा गावात दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता.

तिचा धाकटा भाऊ यशवंतराव पांढुर्ण्याला कापडाच्या दुकानात होता. त्या भाऊबीजेला बहिणीनं ओवाळलं, तर यानं लुगड्याऐवजी युरियाची दोन पोती पुढे ठेवली.

"एकराले दोन पोते, बाई! रेडिओवर आयकलं मी."

डोस बरोबर होता, पण लोक-वनचा. बन्सीला अर्धं पोतं पुरं. रेडिओनं जात सांगितली असेल, यशवंतरावानं खत तेवढं ऐकलं. एक पोतं पेरणीला, दुसरं पहिल्या पाण्याला, स्वतःच्या हातानं टाकून भाऊराया दुकानावर गेले.

मग गहू जो वाढला म्हणता! बाकीचे सांगतात छातीइतका. मी पाहिला तो असा, की छोट्या लाईनीच्या आगगाडीचा डायवर आमच्या गावाजवळ गाडी हळू करायचा आणि फायरमनला विचारायचा, "यहाँ गन्ना कब से लगने लगा?" एका बगळ्यानं लोंबीवर घरटं बांधलं होतं. अंडी मी मोजली नाहीत, तेवढा खोटारडा मी नाही.

माघात लोंब्यांत दूध भरलं आणि आभाळ आलं. काड्या युरियानं लुसलुशीत झालेल्या, वर लोंबीचं वजन. जरा वारा आला की सगळा एकर वाकायचा. दूध भरताना गहू लोळला की दाणा पोचट होतो, मग त्याची कसली शेवई? मनकर्णा धुऱ्यावर बसून होती. खबर लागल्यावर आलेला यशवंतराव शेजारी उभा, मान खाली.

"आता काय करता, भाऊजी? आडवा झाला तं माह्यं वरीस गेलं," ती मला म्हणाली.

मी तिला धीर द्यायला एक गोष्ट सुरू केली. माझी बायको उर्मिला मागून ओरडली, "तुमची गोष्ट आयकून गहू उभा राहणार हाय का? टमाटराले काठ्या देता, तशा याले द्या!"

"एकरभर काठ्या कुठून आणू व?"

"पऱ्हाटी काय कमी हाय गावात?"

कापूस वेचून झालेला, कपाशीची उपटलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, घरोघरी रचलेली. पण ते पावसाळ्यात चुलीला लागणारं जळतन. कोण देईल? मी गोष्ट पुरी करेपर्यंत उर्मिलानं आमची पऱ्हाटी बैलबंडीवर लादली होती. ते पाहून दुसरी बंडी निघाली, मग तिसरी. शेवटी नत्थूजीही आले. या माणसानं कधी कुणाला चुलीतला निखारा दिला नव्हता.

"उसनी देऊन राहिलो," ते बंडीवरूनच म्हणाले. "गहू निघाला का परत."

गव्हात आडव्या रांगांनी पऱ्हाटी रोवली, कमरेच्या उंचीवर अंबाडीच्या दोऱ्या ताणल्या. दिवस मावळायच्या आत वारा आलाच. पलीकडे माझा लोक-वन जागचा हलला नाही. बन्सी मात्र दोऱ्यांवर असा टेकला, जसा दुखणेकरी माणूस भिंतीला टेकतो. एका बाजूची पऱ्हाटी उपटून येऊ लागली, तर यशवंतरावानं दोरी हाताला गुंडाळली आणि ओढून धरली. मी त्याचं धोतर धरलं नसतं, तर तो पार तिकडे सौंसर गावात जाऊन पडला असता.

"सोड रे, हात कापला जाईल!" मनकर्णा ओरडली.

"राहू दे, बाई. मीच उंच केला याले."

विहिरीकडचा तुकडा लोळला. बाकीचा उभा राहिला.

बन्सी एरवी एकरी चार क्विंटल व्हायचा. त्या वर्षी सहा झाला. मी दहा लिहिणार होतो, पण मनकर्णा वाचते. माझ्या लोक-वननं तेवढ्याच खतावर चौदा दिला. म्हणजे युरिया वाईट नव्हता, नुसता चुकीच्या घरी गेला होता.

चैत्रात तिच्या अंगणात खाटांवर शेवया वाळत होत्या. लांब, अखंड. नत्थूजी बंडी घेऊन उसनी पऱ्हाटी न्यायला आले. मनकर्णानं मोळ्या बांधून ठेवल्याच होत्या. आधी तिनं दूध-गुळातल्या शेवयांची वाटी त्यांच्या हातात दिली.

नत्थूजींनी खाल्लं. वाटी पुसून खाल्ली. मग मोळ्यांकडे गेले, एक काडी ओढून नाकाशी नेली.

"ओल्या हायेत, बाई. माह्या चुलीत धूरच करतीन. राहू दे इथंच."

आणि रिकामी बंडी हाकत निघून गेले.

मी ओसरीवरून उठून मोळीला हात लावला. पऱ्हाटी खडखडीत वाळलेली होती.